साहेबराव ड्रायव्हरची झेन

साहेबराव एस.टी.तून रिटायर झाले तेव्हा अंबड आगारात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी घरी आणून कॉटखाली सारून दिलं. सगळी नोकरी टायमावर काढलेल्या माणसाला आता भिंतीवरून कुणी टाइम सांगितलेला नको होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते सकाळी जालन्याला गेले आणि संध्याकाळी एक निळी मारुती झेन घेऊन परत आले.

गाडी जुनी होती, एका डॉक्टरांनी वापरलेली. ती दारात उभी राहिली तेव्हा त्यांच्या बायको, तुळजाबाई, ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होत्या.

"ही कुणाची?"

"आपली."

तुळजाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. "गाडीभर माणसं घेऊन हिंडलात जल्मभर, अन् आता ही? हिच्यात चार माणसं अन् एक भोपळा बसला तर दार लागायचं न्हाई."

"म्हणून तर आणली," साहेबराव म्हणाले.

त्याचं कारण त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. जालना-अंबड रस्त्यावर लाल गाडी चालवताना वर्षानुवर्षं एकच गोष्ट व्हायची. वेग वाढू नये म्हणून गाडीच्या डिझेल पंपाला सील मारलेलं, काटा साठच्या आसपास गेला की वर सरकायचं नाव घ्यायचा नाही. मागच्या आरशात एक ठिपका दिसायचा. तो मोठा व्हायचा, बाजूनं भुर्रकन आवाज यायचा, आणि बघेपर्यंत पुढं पुन्हा ठिपका. लोकांना मोठ्या मोटारींचं वेड असतं. साहेबरावांना ह्या बुटक्या, रस्त्याला चिकटून पळणाऱ्या गाड्यांचं लागलं. पण पाठीमागं गाडीभर प्यासिंजर असताना ड्रायव्हरनं असलं काही मनात आणणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी ते मनात आणायचंही लांबणीवर टाकलं होतं.

आता गाडी आली, तर ती जशी आहे तशी त्यांना पुरेना. तिला पळवायची होती.

जालन्यात मस्तगडला अलीमचं गॅरेज होतं. अलीमचे वडील फकरोद्दीन एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होते, त्यामुळं अलीम लहानपणापासून साहेबरावांना चाचा म्हणायचा. छोट्या गाड्यांत त्याचा हात चांगला होता. औरंगाबादची हौशी पोरं त्याच्याकडं गाड्या घेऊन यायची. साहेबराव त्याच्याकडं निघाले तेव्हा त्यांचे जुने कंडक्टर संपतराव आपोआप गाडीत बसले. इतकी वर्षं साहेबराव जिकडं जातील तिकडं जाणं हीच त्यांची नोकरी होती. तुळजाबाईही निघाल्या.

"तू कशाला?"

"तुम्ही गाडीतलं काय काय काढून राह्यले ते मला दिसलं पाहिजे."

गॅरेजसमोर लिंबाच्या सावलीत बाकडं होतं. अलीमची आई नूरबी हिनं आतून चहा पाठवला आणि बैठक सुरू झाली.

"सगळ्यात आधी आवाज," संपतराव म्हणाले. "सायलेन्सर असा लाव, अलीम, की अंबडात स्टार्टर मारला की शहागडात म्हशी उठून उभ्या राह्यल्या पाहिजेत. अन् दरवाजावर पांढरे पट्टे."

"पट्ट्यानं गाडी पळती का?" साहेबराव चिडले. "इंजिन! काय लावलं की ती उडंल, तेवढं सांग."

"माझ्या बाजूची सीट डुगडुगती," तुळजाबाई म्हणाल्या. "ती आधी."

अलीमनं चहा बशीत ओतला, संपवला, आणि मग गाडीच्या पुढच्या चाकावरून हात फिरवला. "चाचा, हा टायर बघितला? बिलकुल गुळगुळीत. आमच्या अब्बाचं टक्कल बी याच्यापेक्षा खरबरीत हाय. अन् ब्रेक दाबला की ही गाडी आधी इचार करती, मंग थांबती. इंजिनाचं नंतर बघू. आधी थांबायला शिकंल, मंग पळायला."

"मला ब्रेक शिकवतो का रे?"

"तुम्हाला न्हाई, गाडीला."

संपतराव खो खो हसले. साहेबरावांनी तोंड फिरवलं, पण ऐकत होते. अलीमनं सगळं समजावून सांगितलं. पहिल्या खेपेला जरा रुंद, चांगली पकड असलेले टायर. ब्रेकचे नवे पॅड आणि चाकांचे धक्के झेलणारे चारी शॉकअप. मग प्लग, टायमिंग, कार्बोरेटरची सफाई, म्हणजे कंपनीनं जेवढी ताकद दिली होती तेवढी तरी पुरी मिळाली पाहिजे. ते झालं की दुसऱ्या खेपेला मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर आणि मोठा पाइप.

"म्हंजे माझा सायलेन्सर," संपतराव म्हणाले.

"हाव, पण तो शेवटी. पट्टे कधी बी लावा, त्याचं वजन न्हाई. अन् चाचीची सीट पहिल्याच खेपेत. चाची बराबर बोलल्या. बसणारा माणूस हलता कामा नये."

तुळजाबाईंनी साहेबरावांकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

खोलायच्या आधी गाडी कशी चालते ते बघू म्हणून अलीम साहेबरावांच्या शेजारी बसला आणि दोघं अंबड रस्त्याला लागले. रस्ता मोकळा होता. साहेबरावांचे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला, साठवर आला आणि तिथंच राहिला.

"चाचा, पाय लावा ना."

"लावलाय की."

अलीमनं खाली वाकून पाहिलं. अ‍ॅक्सिलरेटर अर्धाही दाबलेला नव्हता. "अजून लावा."

साहेबरावांनी ओठ आवळले. काटा किंचित हलला आणि पुन्हा साठवर आला. अलीमला हसू आवरेना. तो हसत हसत डॅशबोर्डवर कपाळ टेकवून बसला. "या अल्ला! गाडीला काही सील न्हाई, चाचा. सील तुमच्या पायाला हाय!"

"इंजिनात दम न्हाई," साहेबराव रागानं म्हणाले आणि त्यांनी गाडी परत जालन्याकडं वळवली.

काम सुरू झालं. टायर औरंगाबादहून आले. साहेबराव रोज सकाळच्या एस.टी.नं जालन्याला जायचे, गॅरेजात बाकड्यावर बसायचे आणि गाडीची उघडी चाकं बघत राहायचे. ब्रेकचे पॅड बसवताना त्यांनी ते हातात घेऊन वास घेतला, कॅलिपरवर बोट फिरवलं. शॉकअप बसले तेव्हा बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबून पाहिली. ती एकदाच वर आली आणि स्थिर झाली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं हसू पसरलं की नूरबी आतून म्हणाली, "भाईजान, नातू झाल्यावर बी इतके खूश न्हवते तुम्ही."

गाडी बाहेर पडली ती खरंच वेगळी होती. वळणावर झुकत नव्हती, ब्रेक दाबला की जागच्या जागी बसत होती. फक्त साठच्या पुढं जात नव्हती.

त्याच सुमारास जालन्यातल्या काही हौशी गाडीवाल्यांनी एक कार्यक्रम ठरवला. औद्योगिक वसाहतीच्या वाढीव भागात नवा सरळ रस्ता झाला होता, त्यावर अजून रहदारी नव्हती. रीतसर परवानगी काढून, दोन्हीकडून रस्ता बंद करून, एका वेळी एक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. प्रत्येकाला दोन फेऱ्या. संपतरावांनी कुणाला न विचारता साहेबरावांचं नाव दिलं.

"मला विचारलं का, मास्तर?"

"भाऊ, आजवर गाडी कुठं न्यायची ते मीच सांगत आलो ना?"

रविवारी सकाळी सगळे तिथं पोचले. मंडप होता, वडापाव होता, रंगीत गाड्या होत्या, आणि टोप्या उलट्या घातलेली पोरं होती. अलीमनं वजन कमी करायला झेनची मागची सीट उचलून मंडपात नेऊन ठेवली. संपतराव लगेच तिच्यावर बसले. साहेबरावांनी आगाराच्या निरोपाला घातलेला पांढरा शर्ट घातला होता. डोक्यावर कुणाचं तरी लाल हेल्मेट.

झेंडा पडला. सुरुवात इतकी सुरेख झाली की पोरं शिट्ट्या मारायला लागली. मग सगळ्यांनी ऐकलं, इंजिनाचा आवाज चढत चढत गेला आणि मध्येच मवाळ झाला. झेन शेवटच्या खुणेपर्यंत अशी गेली, जणू तिला वाटेत थांबे होते. माईकवाल्यानं वेळ सांगितली. सगळ्यांत जास्त. लोकांनी आदरानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्याच साहेबरावांना जास्त लागल्या.

ते परत आले, हेल्मेट काढलं, पण गाडीतून उतरले नाहीत. अलीम खिडकीशी वाकला.

"गाडीचं काही न्हाई, अलीम," ते हळू म्हणाले. "तू बराबर बोलल्ता. पाय उचलला जातो. मी न्हाई उचलत, तोच उचलतो. साठ झाले की मला मागं माणसं दिसतेत. कुणाच्या मांडीवर लेकरू, एखादी म्हातारी दांडीला धरून उभी. खड्डा आला तर तिचं काय व्हईल, असं वाटतं. मंग न्हाई होत."

तुळजाबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. पदर कमरेला खोचला, दुसऱ्या बाजूनं दार उघडलं आणि आत बसल्या.

"वहिनी, तुम्ही कुठं?" संपतराव ओरडले.

"ही सीट माझी हाय."

आयोजकांनी आपसात विचार केला. शेजारी कुणी बसू नये असा नियम नव्हता, फक्त हेल्मेट आणि पट्टा पाहिजे. तुळजाबाईंनी अंबाड्याचे आकडे काढून अलीमच्या हातात दिले आणि हेल्मेट घातलं.

गाडी रेषेवर उभी राहिली. साहेबरावांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"मागं बघा," तुळजाबाई म्हणाल्या.

"आरशात दिसतं मला."

"आरशात न्हाई. मान वळवून बघा."

त्यांनी मान वळवली. मागं नुसता पत्रा होता, आणि अलीमचा विसरलेला एक पाना.

"कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"सगळे उतरले," तुळजाबाई म्हणाल्या. "आपापल्या गावाला गेले. तुम्हीच पोचवले त्यायला, सुखरूप. एक बी र्‍हायला न्हाई. आता दोघंच हावोत आपण. अन् मला भ्याव न्हाई वाटत."

साहेबरावांनी तो पाना उचलून खिडकीतून अलीमकडं दिला. मंडपातून संपतरावांचा आवाज आला, कंडक्टरनं दोरी ओढावी तसा हात वर करून, "टिंग टिंग! चला!"

झेंडा पडला.

पहिला गिअर, दुसरा, तिसरा. काटा साठवर आला. पाय थरथरला, तुळजाबाईंना तो दिसला, पण त्या पुढंच बघत राहिल्या. आणि मग पाय खाली गेला. पूर्ण, पार तळापर्यंत. झेननं आजवर कधी काढला नव्हता असा आवाज काढला आणि दोघांच्याही पाठी सीटला चिकटल्या. ऐंशी. नव्वद. रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडं एकमेकांत मिसळायला लागली. काटा शंभरावर गेला तेव्हा तुळजाबाई मोठ्यानं ओरडल्या. साहेबरावांना वाटलं, भ्याल्या. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर त्या हसत होत्या. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारख्या, तोंड उघडं टाकून, दोन्ही हातांनी हेल्मेट धरून.

शेवटची खूण मागं पडली. साहेबरावांनी ब्रेक दाबला. गाडी जराही न हलता, सरळ रेषेत, कुणीतरी प्रेमानं धरून ठेवल्यासारखी थांबली.

इंजिनाच्या आत काहीतरी टक टक करत थंड होत होतं. साहेबरावांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तोंडावर हसू होतं.

"लई लवकर संपला रस्ता," तुळजाबाई म्हणाल्या.

बक्षीस औरंगाबादच्या एका पोरानं नेलं. साहेबराव मध्यावर कुठंतरी आले, पण शिट्टी मारणाऱ्या पोरांपैकी बऱ्याच जणांच्या पुढं. ती पोरं गाडीभोवती गोळा झाली, बॉनेट उघडायला लावलं, आणि आत सगळं कंपनीचंच बघून एकमेकांकडं पाहायला लागली. "काका, काहीच न्हाई लावलं?" एकानं विचारलं. "टायर, ब्रेक, शॉकअप," साहेबराव म्हणाले, "अन् ह्यांची सीट." संपतराव प्रत्येकाला सांगत होते की ह्या माणसाच्या मागं त्यांनी अख्खी नोकरी तिकिटं फाडली. अलीमनं तेवढ्यात सगळ्यांसाठी वडापाव आणले आणि झेनच्या टपावर मांडले.

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा मस्तगडला उभी होती. एअर फिल्टर काढलेला, कार्बोरेटर कागदावर सुटा करून ठेवलेला. साहेबराव आणि संपतराव पाइप किती जाड असावा यावरून भांडत होते. नूरबीच्या शेजारी बसलेल्या तुळजाबाई कार्बोरेटरमधला एक बारीकसा पितळी जेट बोटात धरून उजेडाकडं बघत होत्या.

"अलीम, ह्याच्या भोकातून पेट्रोल जातं का?"

"हाव चाची."

"मंग हे भोक लई बारीक हाय," त्या म्हणाल्या. "मोठं टाक."