कोपऱ्यातले आकडे

पाच खोक्यांत मिळून सोळाशे चाळीस कार्डं होती. चार खोक्यांत तेराशे चोवीस मास्तरांच्या अक्षरातली, पाचव्यात तीनशे सोळा सिस्टरच्या. जुन्या फारसी वीरकाव्यांत मरणाला जे जे म्हटलंय, ते एकेका कार्डावर एकेक : काळाचा लांडगा, मातीची उशी, रिकामं खोगीर. मास्तरांनी जन्मभर फारसी शिकवली. दृष्टी गेल्यावर ते पाठ असलेलं सांगत आणि त्यांची बायको, निवृत्त नर्स आणि म्हणून सगळ्यांची सिस्टर, लिहून घेई.

"तुमच्या वॉर्डात काय म्हणायचे?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"एक्स्पायर झाला."

"दुधाच्या पिशवीसारखा?"

दोघं हसत सुटली; त्या दिवशी पुढचं कार्ड काही झालं नाही.

मास्तरांना जाऊन पाच महिने झाले होते. ग्रंथालय खोकी ठेवून घेणार होतं. यादीत दोघांचं नाव लागावं, ही मास्तरांची अट. सिस्टरचं नाव आजवर फक्त ड्यूटीच्या तक्त्यावर लागलेलं.

कार्डं चाळताना तरुण ग्रंथपाल थांबला. "काकू, तुमच्या कार्डांवर कोपऱ्यात हे काय?"

"वेळ. यांच्या कार्डांवर असायची तशीच. तारीख तेवढी मी घालायला लागले."

"सरांची ती वेळ नाहीये हो. ७.४२ म्हणजे सातवा खंड, बेचाळिसावी कथा."

सिस्टरने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. छत्तीस वर्षं केसपेपरच्या कोपऱ्यातला आकडा म्हणजे वेळ.

"सरांनी सांगितलं नाही कधी?"

"सांगायचे ना. 'सात बेचाळीस' म्हणायचे, मग ओळ. मला वाटायचं, दिसत नाही म्हणून अंदाजाने वेळ सांगतायत. चुकायचीच. मनाला लागेल म्हणून बोलले नाही. घड्याळ बघून बरोबर लिहायचे."

ग्रंथपालाने पाचव्या खोक्याचं झाकण लावलं. "ओळ मूळ काव्यात कुठली ते नसेल तर कार्ड ठेवता येत नाही, काकू."

"मग नाव एकच लावा. त्यांचं."

तो चार खोकी घेऊन गेला. सिस्टरने पाचवं जेवणाच्या टेबलावर रिकामं केलं आणि कार्डं तारखेप्रमाणे लावली. चौऱ्याण्णव संध्याकाळी भरल्या. प्रत्येक संध्याकाळच्या शेवटच्या कार्डावरच्या वेळेतून पहिल्याची वेळ वजा करत ती कागदावर मांडत गेली. जिथे एकच कार्ड होतं, तिथे शून्य. मग रेघ मारून बेरीज केली आणि पुन्हा एकदा ताडून पाहिली.

बासष्ट तास, पस्तीस मिनिटं.