जारचं पाणी

"मालनबाई, खरं सांगा. टाकीत कुणी काय टाकलं?"

"मी कशाला टाकू?" मालनबाईंनी मांडीवरच्या पोराचं नाक पदरानं पुसलं. "कालबी इचारलंत, परवाबी इचारलंत. पोरं काचंला नाक लावून बसत्यात, त्येवढंच. झाकणापत्तुर हात तरी पुरतोय का कुणाचा?"

पूड टाकून टाकीचं पाणी तपासायची लुबनाच्या हातातली काचेची छोटी नळी पुन्हा लाल झाली होती. फिकट गुलाबी हवी होती. ही डाळिंबाच्या दाण्यासारखी. तिनं नळी मोरीत उपडी केली आणि इतक्या जोरानं विसळली की दोन पोरं दचकून रडायला लागली.

कारेगावात कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायकांची मुलं लुबना मालनबाईंना मदतीला घेऊन सांभाळायची. दोन खोल्या, पाळणे, भिंतीवर रंगीत अक्षरं आणि समोरच्या भिंतीला ती टाकी. समुद्राच्या पाण्याची. तिचा नवरा रिजवान फ्रिज-एसीचा मेकॅनिक. एका कंपनीच्या साहेबाच्या बंगल्यावर टाकीचं पाणी गार ठेवणारं मशीन दुरुस्त करायला तो जायचा. साहेबाची बदली झाली आणि टाकी रिजवानच्या गळ्यात पडली. त्याचा उत्साह दोन महिन्यांत आटला. लुबना दौंडची, समुद्र तिनं आयुष्यात पाहिलेला नव्हता. पण टाकीतल्या दगडांवर उमलणारी जांभळी-हिरवी बोटं म्हणजे फुलं नव्हेत, जिवंत प्राणी आहेत, हे कळल्यावर ती टाकीशी बांधली गेली. मोबाईलवर बघत, चुकत, काही प्रवाळ मारत ती शिकली.

माशांच्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात नायट्रेट साठतं. ते जितकं जास्त तितकी नळी लाल. ते अजिबात नसलं तर प्रवाळ उपाशी राहतात, पांढरे पडतात. जास्त झालं तर काचेवर शेवाळ माजतं, प्रवाळ मळकट तपकिरी होतात आणि टोकांपासून झडायला लागतात. आमटीतल्या मिठासारखं आहे, ती मालनबाईंना सांगायची. नको असं नाही, पण हात सांभाळून.

आता हात सांभाळूनही काही होत नव्हतं. तिनं माशांचं खाणं निम्मं केलं. गाळणीचा स्पंज रोज धुतला. आठवड्याला पाणी बदलायची ती दर चार दिवसांनी बदलायला लागली. इंद्रजीतशेठच्या प्लांटवरून येणाऱ्या जारचं फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात समुद्री मीठ कालवायचं, जुनं काढून नवं ओतायचं. आणि जितकं पाणी बदलावं तितकी नळी जास्त लाल.

त्या दिवशी ती टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जांभळ्या प्रवाळाची टोकं खरवडल्यासारखी पांढरी झाली होती. बाहेरून काहीतरी येत होतं. पोरं नाहीत, मालनबाई नाहीत. मग टाकीत बाहेरून जातं काय?

पाणी.

तिनं दारातल्या निळ्या जारचा नळ सोडला आणि नळी भरली. पूड टाकली, हलवली. किती वेळ थांबायचं ते तिला पाठ होतं, पण थांबावं लागलंच नाही. नळी टाकीतल्या पाण्यापेक्षा गडद झाली.

"आत्ता गं बया," मालनबाई म्हणाल्या, "ह्यो तर जार हाय."

लुबनानं मोबाईल घेतला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट जास्त असलं तर काय होतं, ते ती उभ्या उभ्या वाचायला लागली. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही. तान्ह्या बाळांना असं पाणी दुधातून गेलं तर रक्त प्राणवायू धरत नाही. बाळ मलूल होतं, ओठ निळसर दिसतात. पाणी उकळून उपयोग नाही. आटल्यावर उलट दाट होतं.

तिनं मान वर केली. मालनबाईंच्या मांडीवर सात महिन्यांची समृद्धी होती. तिची आई ज्ञानेश्वरी कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला. महिनाभर पोर दूध ओढताना दमायची, ओठांच्या कडा जांभळट दिसायच्या. डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं होतं. आणि लुबना रोज सकाळी जारचं पाणी खळाखळा उकळून तिची बाटली भरत होती.

"द्या ती बाटली इकडं!"

बाटली ओढल्यावर समृद्धी किंचाळली. लुबनानं दूध मोरीत ओतलं.

बाहेर रिजवानची स्कूटर थांबली. पायाशी नेहमीसारखा पांढरा कॅन होता. शिरूरला त्याच्या वडिलांच्या, शेखलाल अब्बांच्या घरी नळाचं पाणी गोड लागतं म्हणून तो पावसाळ्यापासून घरासाठी, लेक मेहकसाठी कॅन भरून आणायचा. लुबनाला त्याचं कौतुकच वाटायचं.

तिनं कॅनकडे पाहिलं. मग जारकडे.

"हे पाणी कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजी? आपल्यासाठी. रोजचंच हाय की."

"आन् पोरांसाठी जार."

रिजवाननं कॅन खाली ठेवला.

"पाण्यातले क्षार मोजायचा पेन व्हता तुमचा. कुठंय?"

"हरवला म्हणलं व्हतं ना."

"कवा हरवला? जवापासनं हा कॅन यायला लागला तवापासनं?"

मालनबाई पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. रिजवान पाळण्याच्या कडेला टेकला, हातातली किल्ली फिरवत राहिला.

"प्लांटमधलं फिल्टर बाद झालं व्हतं," तो म्हणाला. "इंद्रजीतशेठनं काढून टाकलं. बोअरचं पाणी सरळ चिलरमधनं जारात येतंय. गार लागतं, कुणाला कळत न्हाई. मी बोललो त्याला. बदलू म्हणला. बदललं न्हाई."

"आन् तुम्ही गप बसला."

"त्याची मशिनं मी बघतो. ह्या खोल्या त्याच्या. काय करायचं व्हतं मी?"

"मला सांगायचं व्हतं."

"तू गप बसली असतीस का?"

"न्हाई."

"मग?"

हे 'मग' त्यानं इतक्या सरळपणे विचारलं की लुबना त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिनं त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"आपल्या मेहकला तू शिरूरचं पाणी पाजलंस," ती म्हणाली. "आन् ह्या पोरांच्या बाटल्या मी माझ्या हातानं भरत व्हते, ते दारात उभा राहून बघत व्हतास. रोज. चहा पीत बघत व्हतास!"

"मोठ्या माणसाला काय व्हत न्हाई त्यानं—"

ती आत गेली, समृद्धीला उचलून आणलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. "ही मोठी हाय? बघ. ओठ बघ हिचे."

रिजवाननं पाहिलं नाही. लुबनानं पोर मालनबाईंकडे दिली, नळ्या आणि पूड पिशवीत कोंबली आणि चपला घालून निघाली.

प्लांटवर पहिली पाळी सुटल्याची गर्दी होती. बिहारी, मराठवाड्यातली, गावातली माणसं जार घेऊन रांगेत उभी. इंद्रजीत खुर्चीत बसून मोबाईल बघत होता.

"या वहिनी. एवढ्या उन्हाच्या?"

लुबनानं पिशवी उघडली. नळाखाली नळी भरली आणि उपड्या ड्रमवर सगळ्यांच्या समोर पूड टाकून हलवली. रांग वाकून बघायला लागली.

"भाभी, ये लाल मतलब?" एकानं विचारलं.

"मतलब बोअर का पानी है. सिर्फ ठंडा किया हुआ."

इंद्रजीत हसला. "माशांच्या औषधानं माणसाचं पाणी तपासत्यात व्हय? मासं मेलं म्हणून माझ्या धंद्यावर येता का वहिनी?"

दोघं-तिघं हसले.

"फिल्टरची खोली उघडा," लुबना म्हणाली. "हाय ना फिल्टर? दाखवा ह्यांना."

"तुम्हाला कशाला दाखवू? तुमच्या मालकालाच इचारा. मशिनं तोच बघतो." इंद्रजीतनं गेटकडे बोट केलं. "ये रिजवान, सांग हिला."

रिजवान तिच्या मागोमाग आला होता. सगळी रांग वळून त्याच्याकडे बघायला लागली. तो घामानं भिजला होता. मग त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, पत्र्याच्या खोलीपाशी गेला आणि कुलूप काढून दार सताड उघडलं.

आत भिंतीला रिकाम्या पट्ट्या होत्या. जिथं फिल्टरची नळकांडी असायची तिथं एक साधा पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. पाईपवर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

कुणी हसलं नाही. एका माणसानं खांद्यावरचा भरलेला जार उतरवला आणि रस्त्यावर पालथा केला. मग दुसऱ्यानं. पाणी चिखल करत लुबनाच्या चपलांपर्यंत आलं.

"खोल्या खाली करायच्या," इंद्रजीत दातांतून म्हणाला. "दोघांनीबी."

लुबना परत निघाली. रिजवान बरोबरीनं चालायला लागला. त्याला काहीतरी ऐकायचं होतं, हे तिला कळत होतं.

"ते दार पावसाळ्यात उघडायचं व्हतं," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी पोरीला न्यायला आली. लुबनानं तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरी ऐकत राहिली.

"पण तुम्ही उकळून देत व्हता ना, ताई?"

"उकळून."

"तरीबी?"

"तरीबी."

ज्ञानेश्वरीनं पोरीला छातीशी आवळलं. "आन् तुमच्या मेहकला कुठलं पाजत व्हता?"

मला माहीत नव्हतं, हे वाक्य लुबनाच्या जिभेवर आलं होतं. खरंही होतं ते. पण म्हणून या बाईला त्याचा काय उपयोग होता?

"शिरूरचं," ती म्हणाली.

ज्ञानेश्वरी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पोरीला शालीत गुंडाळून उठली आणि दार आपटून गेली.

समृद्धीला शिरूरच्या दवाखान्यात दाखल करावं लागलं. लुबना बघायला गेली तेव्हा वॉर्डच्या दारातच ज्ञानेश्वरीच्या सासूनं तिला अडवलं. पोर सुधारली, एवढं नर्सनं सांगितलं. इंद्रजीतला कुणी काही केलं नाही. तपासणीला सरकारी माणसं येईपर्यंत प्लांटमध्ये नवी नळकांडी बसली होती, आणि नव्यातून आलेलं पाणी चांगलंच निघालं. पुन्हा रांग लागली. चौकात लोक म्हणायचे, बाई जरा जास्तच बोलली.

लुबनानं मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. अर्धी मुलं तुटली, अर्धी आली. रिजवान आता दोन खेपा करून शिरूरहून पाणी आणायचा. पहिल्या दिवशी तिनं ते नळीत तपासलं, मगच भांड्यात घेतलं. ते पाणी पोरांच्या दुधाला आणि पिण्याला जेमतेम पुरायचं. टाकीला उरत नव्हतं. मासे तिनं पुण्याच्या एका दुकानदाराला देऊन टाकले. प्रवाळ कुणी घेईना. ते झडत झडत हाडासारखे झाले, तेव्हा तिनं टाकी रिकामी केली आणि काचेवरचं शेवाळ ब्लेडनं खरवडलं. ब्लेड बोटाला लागलं, तरी ती थांबली नाही. रिजवान मदतीला वाकला तर म्हणाली, "राहू द्या." ती पुन्हा तुम्ही म्हणायला लागली होती. पण ते आता परक्याला म्हणतात तसं होतं.

एका सकाळी ज्ञानेश्वरी दारात उभी राहिली. कडेवर समृद्धी. गालांवर रंग आला होता पोरीच्या.

"ठेकेदार थांबंना," ती म्हणाली. "सासू गावाला गेली. दुसरं कुणी न्हाई सांभाळायला."

"आण की."

ज्ञानेश्वरी आत आली नाही. तिनं पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून पुढे धरला.

"जे पाणी हिला देणार, ते आधी तुम्ही प्या. माझ्यासमोर. रोज."

"अगं, आता शिरूरचंच असतंय सगळ्यांना," रिजवान मागून म्हणाला. "आन् मोठ्या माणसानं पिऊन काय कळतंय—"

लुबनानं वळून त्याच्याकडे पाहिलं.

तिनं कॅनमधून ग्लास काठोकाठ भरला आणि उंबऱ्यात उभी राहून सगळा प्यायली. रिकामा ग्लास पालथा करून दाखवला, पदरानं पुसून ज्ञानेश्वरीला परत दिला. मग पोरीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.