डोमाजींच्या गाडीचा दम

डोमाजी वानखडे यांनी चौतीस वर्षं एसटी चालवली. घाटंजी तालुक्यातल्या निम्म्या बायकांना त्यांनी माहेरी पोचवलं, बाजाराला नेलं, दवाखान्यात वेळेवर उतरवलं. स्वतःची बायको मात्र त्यांच्या शेजारी बसून कधी कुठं गेली नाही. ही रुखरुख त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. पण निवृत्त झाल्यावर महिन्याभरात त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी दारात आणून उभी केली, ती या एकाच कारणासाठी. पुढच्या सीटवर त्यांनी स्वतःच्या हातानं नवं कव्हर चढवलं. ती सीट कांताबाईंची.

कांताबाई त्या सीटवर एकदाच बसल्या.

झालं असं, की गेल्या वर्षी मे महिन्यात दोघं यवतमाळला लेकीकडे, दीपमालाकडे, निघाली होती. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन, आत एसी, मागे तुरीच्या डाळीचं पोतं. यवतमाळच्या अलीकडे चढ लागतो. अर्ध्या चढावर गाडीनं दम टाकला. एसी बंद केला तरी रडगाणं चालूच. डोमाजींनी मान न वळवता सांगून टाकलं, "उतरा खाली, गाडी हलकी करा." कांताबाई उतरल्या. गाडी हलकी झाली आणि निघून गेली. कांताबाई डोक्यावर पदर घेऊन त्या उन्हात पायी चढ चढल्या, आणि नेमकी तेव्हाच घाटंजीची बस शेजारून गेली. खिडक्याखिडक्यांतून ओळखीची तोंडं! एकीनं तर हातही हलवला.

"त्या डब्यात मी पुन्हा पाय ठेवनार नाही," त्या दिवशी संध्याकाळी कांताबाईंनी जाहीर केलं आणि येताना बसनं आल्या. पुढचं वर्षभर त्या बसनंच जात राहिल्या. बायकांना आता अर्धं तिकीट. डोमाजी एकटेच गाडी घेऊन बसच्या मागे मागे जात. गाव हसत होतं, हसणारच.

आता पुन्हा मे आला होता. दीपमालानं नवं घर बांधलं होतं आणि बुद्धपौर्णिमेला भंतेजींच्या हस्ते गृहप्रवेश ठरला होता. आठ दिवस आधी डोमाजींनी जेवताना विषय काढला.

"एसी चालू ठेवून गाडी चढ चढली, तं येशीन का माह्यासंगं?"

"पाहू," कांताबाई म्हणाल्या.

कांताबाईंच्या तोंडी 'पाहू' म्हणजे 'नाही', हे चाळीस वर्षांच्या संसारानंतर डोमाजींना ठाऊक असायला हवं होतं. पण माणूस आशेवर असला की त्याला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. ते दुसऱ्याच दिवशी कामाला लागले.

त्यांनी विचार केला. इंजिन हवा ओढतं. हवा तापलेली आहे. तापलेल्या हवेनं माणसाला दम लागतो, तर इंजिनाला का नाही लागणार? इथवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पुढं मात्र आपल्याकडचा कुणीही माणूस करील तेच त्यांनी केलं. उन्हाळ्यात हवा गार करायची तर कूलर! त्यांनी कूलरच्या पॅडमधलं गवत काढलं, पाण्यात चांगलं भिजवलं आणि इंजिनाच्या एअर फिल्टरच्या डब्यात ठासून भरलं. वर दोन काड्या वाळाही खोचला. वासासाठी.

गाडी बाजारापर्यंत गेली आणि खोकून खोकून बंद पडली. आठवडी बाजाराचा दिवस होता, त्यामुळं ढकलायला माणसांचा तोटा नव्हता.

पूनमसिंग राठोडचं गॅरेज स्टँडच्या मागे. पंचेचाळिशीचा, जाड मिशीचा हा माणूस आधी एसटीच्या गाड्यांवरच काम करायचा आणि डोमाजींना मोठ्या भावासारखा मान द्यायचा. त्यानं फिल्टरचा डबा उघडला, ओलं गवत बोटानं उचललं, वास घेतला आणि गंभीर तोंड करून विचारलं,

"भाऊ, इंजिनले दुपारची झोप लागून नाही राह्यली काय?"

गॅरेजमधली चारही माणसं हसत खाली बसली. डोमाजी रागावले, मग त्यांनाही हसू आलं, आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पूनमसिंगला सगळं सांगून टाकलं. चढ, बस, अर्धं तिकीट, नवं कव्हर, सगळं.

पूनमसिंगनं हसणं थांबवलं. "उद्या सकाळी पाहू. इंजिन थंड पाह्यजे, नाही तं हात भाजते."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता त्यानं बॉनेट उघडून बोटानं दाखवलं. इंजिनात हवा जिथून शिरते त्या तोंडाला दोन बारीक रबरी नळ्या जोडलेल्या होत्या.

"इंजिन थंड ठेवाचं पानी असते न, थे तापल्यावर ह्या नळीतून इकडं येते अन् तिकडून परत जाते."

"हवेच्या तोंडावर गरम पानी? कायले?"

"बर्फाच्या मुलखासाठी, भाऊ. तिथं ह्या तोंडाशी बर्फ धरते, झडप अडकते. म्हनून कंपनीनं शेक द्याची सोय केली."

डोमाजी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. सकाळी सहालाच बनियन घामानं चिकटलं होतं. "म्हंजे यवतमाळ जिल्ह्यात, मे महिन्यात, माही गाडी शेकोटी घेऊन फिरून राह्यली?"

"हौ."

त्यांना गाडीची एकदम कीवच आली.

काम फार मोठं नव्हतं. पूनमसिंगनं दोन्ही नळ्या हवेच्या तोंडावरून काढल्या आणि पितळेचा छोटा तुकडा मधे घालून त्या एकमेकींनाच जोडल्या. दोन्हीकडून क्लॅम्प आवळले. आता गरम पाणी हवेला न शिवता परस्पर परत जाणार होतं. मग नवा फिल्टर बसवला, काजळी धरलेलं तोंड पुसून लख्ख केलं, कमी झालेलं कूलंट भरलं आणि इंजिन चालू ठेवून पाण्यातले हवेचे बुडबुडे निघेपर्यंत वाट पाहिली.

"ह्याच्यानं गाडी इमानासारखी उडनार नाही भाऊ," तो हात पुसत म्हणाला. "नळीचा फरक थोडासाच. नव्या फिल्टरचा जास्त. चढावर चार श्वास वाचतीन, बस."

"चारच पाह्यजे," डोमाजी म्हणाले.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सातची बस गच्च भरून आली. दारात लोंबकळणाऱ्यांनाच जागा नव्हती, तिथं खिरीचं पातेलं घेऊन कांताबाई कुठं शिरणार? डोमाजी पांढरेशुभ्र कपडे घालून स्टँडबाहेर गाडीजवळ उभे होते. त्यांनी हाक मारली नाही, नुसतं दार उघडून धरलं. कांताबाईंनी पातेलं मागच्या सीटवर ठेवलं, पुढं येऊन बसल्या आणि सरळ समोर बघत राहिल्या.

चढ आला. एसी चालू होता. गाडी तिसऱ्या गिअरवर कुरकुरली, त्यांनी दुसरा टाकला. गेल्या वर्षीची जागा आली. गाडी दचकली, सावरली आणि पुढं निघाली. हळूच, पण एका दमात. माथ्यावर पोचल्यावर डोमाजींनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"पाह्यलं! एसी बंद नाही केला! नळी होती न गरम पान्याची, थे पूनमसिंगनं..." आणि त्यांनी नळी, बर्फाचा मुलूख, पितळेचा तुकडा सगळं सांगायला सुरुवात केली.

"थांबवा गाडी," कांताबाई म्हणाल्या.

गाडी कडेच्या कडुनिंबाखाली थांबली.

"तुमाले वाटते मी गर्मीले भेली होती? कापसाच्या वावरात अर्धा जलम गेला माहा. चढाचं कौतुक मले नका सांगू." त्या डोमाजींकडे वळल्या. "तुमी 'उतरा' म्हनलं. परवाश्याले म्हनते तसं. अन् मी उतरली तं मांगं वळून पाह्यलं बी नाही. वर जाऊन सावलीत उभे राह्यले."

डोमाजी वर्षभर गाडीत खोट शोधत होते. चौतीस वर्षं ड्रायव्हरनं सीट सोडायची नाही आणि उतरायचं ते इतरांनी, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की आपण तेव्हा काय केलं हे त्यांना आज, या क्षणी कळलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चुकलो मी, कांता," ते म्हणाले. आजवर त्यांनी बायकोला 'दीपमालाची माय' याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

कांताबाई चमकल्या. पदरानं नाक पुसलं. मग बराच वेळ एसीच्या हवेची दिशा नीट करत बसल्या.

"चाला आता, पोरगी वाट पाहून राह्यली. अन् ह्याच्या पुढं गाडीनं दम टाकला, तं दोघंबी उतरू."

"मंग गाडी कोन चालवन?"

"थे तुमी पाहा," कांताबाई म्हणाल्या.