माझी तार तुटली नव्हती

मित्रांनो, तुमच्या शाळेमागे मोहाच्या झाडाखाली एक मोडकं धूड पडलं आहे. त्याच्या खालच्या पंखात आशाबाईच्या कोंबड्या अंडी घालतात आणि वरच्या पंखावर तुम्ही पाटी-दप्तर वाळत घालता. ते धूड म्हणजे मी. मी एक जुनं विमान आहे. चार पंखांचं, दोन खुर्च्यांचं आणि एके काळी बऱ्यापैकी देखणं. हसू नका, खरंच देखणा होतो.

तुम्ही मला पडकं जहाज म्हणता. पडलो, हे कबूल. पण कसा पडलो, ते तुम्हाला घरी खोटं सांगितलं आहे. नूर मिस्त्रीनं माझ्या सुकाणूची तार नीट बांधली नव्हती म्हणून अपघात झाला, असं तुम्ही एकमेकांना सांगत असता. मी ऐकतो आणि आतल्या आत जळतो. ती तार माझ्या अंगावर होती. ती कशी होती हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

माझा जन्म विलायतेतला, लढाईच्या काळातला. हाडं लोखंडी नळ्यांची, पंखांच्या फासळ्या लाकडाच्या आणि त्यावर चक्क कापड! त्या कापडाला एक उग्र वासाचं रोगण पाजलं की ते नगाऱ्याच्या चामड्यासारखं ताठ होतं. गाईंना त्या रोगणाची चव भारी आवडते. एकदा चांद्याच्या मैदानात एका गाईनं माझ्या शेपटीची कड चाटून चाटून पार भोक पाडलं होतं. लढाईत मी नवख्या वैमानिकांना शिकवलं. त्यांनी मला किती वेळा आपटलं, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. लढाई संपली आणि लिलावात मला गुणवंतरावांनी घेतलं.

गुणवंतराव म्हणजे उंच, गोरे, गळ्यात पांढरा मफलर. बोलणं मधाळ. ते जत्रेत, मंडईत, मेळ्यात हवाई करामती करून दाखवत. त्यांच्याबरोबर असे चांद्याचा नूर मोहम्मद मिस्त्री. किल्ल्याच्या भिंतीला लागून त्याचं घर होतं. लढाईत तो विमानांच्या कारखान्यात होता. माझा एकेक खिळा त्याला नावानं ओळखता यायचा, असं म्हटलं तरी चालेल. कापड फाटलं की त्याची बायको शमसुन्निसा ते शिवायची. टाके इतके बारीक, की वाऱ्यालाही सापडू नयेत. तिला माझ्यात बसायची फार भीती वाटे. ती म्हणायची, "मी शिवते ना, मंग तेवढंच पुरे. बसाचं नाई मले!"

मित्रांनो, करामत म्हणजे काय ते सांगतो. खाली हजारो माणसं माना वर करून उभी असतात. मी आधी झेप घेऊन वर जातो. वर, आणखी वर. मग गुणवंतराव दांडी पोटाशी ओढतात आणि मी आभाळातच कोलांटी घेतो. क्षणभर वैनगंगा डोक्यावर आणि आभाळ पायाखाली. सागाचं सगळं जंगल उलटं टांगलेलं दिसतं. उलटा झालो की माझं इंजिन ठसकायचं, कारण त्याला तेल मिळेना. खालची माणसं श्वास रोखून धरायची. मग मी सुलटा व्हायचो, इंजिन पुन्हा गरजायचं आणि खालून असा काही गलका उठायचा, की तो मला पंख्याच्या आवाजातही ऐकू यायचा. मला वाटे, ही सगळी माझी माणसं. गुणवंतराव माझे, मी गुणवंतरावांचा. किती खुळा होतो मी!

सगळ्यांत आवडती करामत फितीची. वरून लांबलचक कापडी फीत सोडायची, ती वळवळत खाली येऊ लागली की झर्रकन वळून तिच्यातून जायचं आणि पंखानं तिचे दोन तुकडे करायचे. पुन्हा वळायचं, पुन्हा तुकडे.

एकोणीसशे पंचावन्नच्या माघात तुमच्या याच गावात शंकरपट भरला होता. बैलजोड्यांच्या शर्यती तुम्ही दरसाल बघताच. पाटील दादाजींनी हौसेनं आम्हाला बोलावलं. या झाडीपट्टीत मला उतरायला जागा कुठली? जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यांचे धुरे, म्हणजे उंच बांध. सरळ, सपाट, लांब अशी एकच जागा होती, ती म्हणजे बैलांच्या पटाची पट्टी. ठरलं असं, की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी करामती करायच्या आणि त्याच पट्टीवर उतरायचं. मी उतरेपर्यंत एकही जोडी सुटणार नाही.

गावची रीत तुम्हाला माहीत आहे. जोडी सोडायच्या वेळी डोमा आपला लाल शेला जमिनीवर टाकतो. लाल कापड जमिनीला टेकलं, की गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्यानं कासरा ढिला करायचा. तो मग डोमाकडे बघत नाही, माणसांकडे बघत नाही. फक्त लाल कापड बघतो. बापजाद्यांपासून हेच.

नूर मोहम्मद दरसाल या पटाला यायचा, घरोघरी जेवायचा; ही रीत त्याला माहीत होती. म्हणून त्यानं शमसुन्निसाकडून मुद्दाम पिवळी फीत शिवून घेतली होती. सकाळी गुणवंतरावांनी ती पाहिली आणि नाक मुरडलं.

"पिवळी आभाळात दिसत नाही, मिस्त्री. लाल काढा."

"साहेब, लाल नका सोडू," नूर मोहम्मद म्हणाला. "या गावात लाल पडलं का बैलं सुटते. सारी जोडी तयार उभी राह्यते तिथी."

"मी दोन हजार फुटांवरून सोडणार. बैल काय आभाळाकडे बघून पळतात?"

"बैलं नाई बघत, साहेब. धुरकरी बघते."

गुणवंतराव हसले. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू तार बघ, करामत मी बघतो." आणि लाल फीत घेऊन ते माझ्यात चढले. तेव्हा मलासुद्धा ते बोलणं मोठं रुबाबदार वाटलं होतं. आज आठवलं की लाज वाटते.

करामती झकास झाल्या. लाल फितीचे मी चार तुकडे केले. तीन तळ्याच्या बाजूला वाहून गेले. चौथा मात्र रेंगाळला. मी फेरी मारून पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी उतरू लागलो, तेव्हा तो अजून गिरक्या घेत खाली येत होता. सुरुवातीच्या रेषेवर लटारू आपली जोडी घेऊन उभा होता. सुट्टीनंतरची पहिली पाळी त्याची होती आणि बैल आवरत नव्हते. माझी चाकं जमिनीला लागली आणि त्याच वेळी तो तुकडा लटारूसमोर जमिनीवर पडला. त्याच्या हातांनी आपणहून कासरा सोडला.

माझ्यासारख्याला ब्रेक नसतात, मित्रांनो. मी धावत होतो आणि समोरून जोडी येत होती. गुणवंतरावांनी पायाखालची पट्टी दाबली आणि तारेनं माझ्या शेपटीचं सुकाणू ओढलं. मी लगेच डावीकडे वळलो. लक्षात ठेवा, वळलो! तार तुटलेली असती तर वळलो असतो का? पण जागा कमी पडली. माझा उजवा पंख छकड्यावर आदळला, चाक धुऱ्यात गेलं आणि मी नाकावर उभा राहिलो. लटारूचा पाय मांडीत मोडला. कबऱ्या नावाच्या त्याच्या बैलाचा खांदा निखळला. गुणवंतरावांना मात्र खरचटलंही नाही.

सगळी माणसं लटारूकडे धावली. त्याला बाजेवर घातलं आणि गोंडपिपरीच्या डॉक्टरकडे निघाले. पुढचा खांदा नूर मोहम्मदनं दिला. हत्यारांची थैली माझ्याजवळच टाकून तो गेला, कारण माणसापुढे हत्यार काय! लटारूची बायको रुखमाबाई रडत मागे धावत होती. बघता बघता भर दुपारी पट्टी रिकामी झाली. उरलो मी, गुणवंतराव आणि पार तिकडे पळसाखाली बसलेला डोमा. शेला छातीशी धरून तो आमच्याकडेच बघत होता.

गुणवंतराव माझ्याकडे आले. मला वाटलं, माझी विचारपूस करायला आले. मोडलेल्या पंखावरून ते हात फिरवतील, एखादा शब्द बोलतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नूर मोहम्मदची थैली उघडली. त्यातली मोठी पक्कड काढली, माझ्या शेपटीजवळ वाकले आणि सुकाणूची तार कापली. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला, इतकी ती मजबूत होती. मग पक्कड पुसून थैलीत ठेवली.

आपटण्याचं मला दुःख नाही. आपटणं माझ्या जन्माला पुजलेलं आहे. पण आठ वर्षं ज्याला डोक्यावर घेऊन मी आभाळात नाचलो, त्यानं माझं धड अंग तोडावं, आणि तेही दुसऱ्याचा गळा कापण्यासाठी! त्या दिवसापासून माझ्यातलं काहीतरी गंजलं ते कायमचं.

संध्याकाळी पाटलांच्या अंगणात सगळे जमले. माझा सांगाडा तिथंच ओढून आणला होता. गुणवंतराव खालच्या आवाजात म्हणाले, "तार तुटली. विमान वळलंच नाही. मिस्त्रीचं काम कच्चं निघालं, दुसरं काय?"

दादाजींचा चेहरा क्षणात मोकळा झाला. तो मी पाहिला. लाल कापडामुळे अपघात झाला असं ठरलं असतं तर पटावर बंदी आली असती, लटारूवर ठपका आला असता, खुद्द पाटलांनाही जाब द्यावा लागला असता. तार तुटली म्हटलं की सगळं गाव सुटत होतं. अडकत होता फक्त चांद्याचा एक मिस्त्री.

तेवढ्यात नूर मोहम्मद गोंडपिपरीहून पायी परत आला. सदऱ्यावर लटारूचं रक्त होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माझ्याजवळ बसला आणि तारेचं टोक हातात धरलं.

"तार तुटते तं एकेक धागा झिजून तुटते, पाटील," तो म्हणाला. "टोक झाडूसारखं होते. हे पाहा, कसं सपाट आहे. हे कापलेलं आहे. माह्या पक्कडीनं कापलेलं आहे."

कोणी पुढे होऊन टोक पाहिलं नाही. लटारूला डॉक्टरकडे ठेवून परतलेली रुखमाबाई पाटलांच्या दारात उभी होती. फीत लाल होती, हे तिनंही पाहिलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

नूर मोहम्मदनं सगळ्यांवरून नजर फिरवली. ती डोमावर थांबली.

"डोमाभाऊ, तू तं इथीच होता ना? तुले काई दिसलं असन."

डोमानं आधी गुणवंतरावांकडे पाहिलं, मग पाटलांकडे. त्याचे ओठ हलले. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. बोल रे बाबा, एवढं एक वाक्य बोल!

"मले काई दिसलं नाई, भाऊ," डोमा म्हणाला. "मी शेला घडी करून राह्यलो होतो."

नूर मोहम्मदनं मान हलवली. "कोणाच्या घरी जेवलो नाई मी या गावात?" एवढंच तो म्हणाला आणि उठला.

पुढे नागपूरहून विमान खात्याचे एक साहेब चौकशीला आले. त्यांनी दुरूनच तारेकडे पाहिलं, गुणवंतरावांशी इंग्रजीत बोलले, पाटलांची सही घेतली आणि नूर मोहम्मदचा परवाना जमा करून नेला. त्याच्या हातून पुन्हा कुठल्याही विमानाला पाना लागणार नव्हता. गुणवंतरावांनी माझं इंजिन काढून नेलं आणि बाकीचा मी गावाला भेट म्हणून सोडला. मोठ्या मनाचा माणूस, नाही का?

महिन्याभरानं नूर मोहम्मद आणि शमसुन्निसा बैलगाडीत बोचकी बांधून सिरोंच्याकडे निघाले होते. तिथं तो सायकली दुरुस्त करणार होता. जाता जाता गाडी माझ्याजवळ थांबली. तो उतरला, नवी तार आणली होती तिचा तुकडा घेऊन त्यानं माझी कापलेली तार जोडायला घेतली. धाग्यात धागा विणत दोन तास बसला.

शमसुन्निसा म्हणाली, "काऊन जीव काढता? उडणार आहे का ते आता?"

"नाई उडणार," तो म्हणाला. "पण मी तुटकी तार सोडून गेलो असं कोणी म्हणाले नाई पाह्यजे."

त्यानं सुकाणू हातानं हलवून पाहिलं. ते डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. मग तो गेला. रस्त्याच्या वळणापर्यंत मी बघत राहिलो. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

त्याला चार वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात गुणवंतराव नव्या विमानातून गावावरून गेले. तुम्ही टाळ्या वाजवत धावलात. विमानाच्या आवाजात मी माझं जुनं इंजिन शोधत होतो. ते नव्हतं. त्यांनी एक फेरीसुद्धा मारली नाही.

तर मित्रांनो, माझ्यावर छप्पर घाला, कोंबड्या हाकला, असं काही मी मागत नाही. कोंबड्या बिचाऱ्या निदान खोटं बोलत नाहीत. माझं मागणं वेगळं आहे. माझ्या शेपटीजवळ जा, ती तार हातात धरा आणि ओढून बघा. सगळे मिळून ओढा, नूर मोहम्मदच्या हातचं काम तुटतं का पाहा. मग डोमाभाऊच्या घरी जा. तुम्हाला पाहिलं की तो दार लावून घेतो, ते मला माहीत आहे. पण तो वाईट माणूस नाही, तो घाबरला होता. त्याच्यावर ओरडू नका, त्याला चिडवू नका. ओट्यावर बसा आणि त्या दुपारी त्याला काय दिसलं होतं, एवढंच विचारा. आज नाही सांगितलं तर उद्या जा. सिरोंच्याला नूर मोहम्मद अजून जिवंत आहे. तो आहे तोवर विचारा.