करारावरचा नवरा

नहलाचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यावर भावाने शुब्रातलं घर विकलं आणि कैरोत भाड्याची जागा शोधत फिरायची पाळी तिच्यावर आली. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती काम करायची. भाडं परवडण्याइतपत पगार होता. अडायचं ते दुसरीकडेच.

"घर पसंत आहे ना? मग साहेबांना घेऊन या," प्रत्येक घरमालक म्हणायचा. साहेब नाहीत म्हटलं की जागा कालच गेलेली असायची.

शेवटी दलाल शौकी कंटाळला. "बाई, मलाही पोट आहे. सहीपुरता एखादा नवरा आणा. जुना असला तरी चालेल."

तिने वाइलला, आपल्या आधीच्या नवऱ्याला, फोन केला. तो हसला, पण आला. इस्त्रीचा सदरा घालून, बसबूसा मिठाईचा खोका घेऊन. हजला जाऊन आलेल्या घरमालक हाज्ज मुतवल्लींसमोर तो इतका गोड बोलला की नहलाला क्षणभर वाटलं, हा माणूस मला का नाही भेटला? करार अर्थातच वाइलच्या नावाने झाला. "घरात पुरुष असताना बाईची सही कशाला?" हाज्ज म्हणाले. अनामत आणि भाडं तिनेच भरलं.

घर रिकामं होतं. तिने पंखे लावले, गॅसचा बंब बसवला, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या.

पुढच्या महिन्यात वाइल दारात उभा. "हाज्ज विचारत होते, साहेब दिसत नाहीत. म्हटलं, तोंड दाखवून यावं." मग तो दर शुक्रवारी यायला लागला. भरली वांगी खायचा, मॅच बघायचा. ती चालवून घ्यायची, कारण जिन्यात हाज्ज खूश दिसायचे. एका शुक्रवारी तो बॅगच घेऊन आला.

"माझ्या जागेचा मालक भाडं वाढवतोय," तो म्हणाला.

"मग मी काय करू?"

"तू राहा की. मी कुठे हाकलतोय तुला? पण घर कोणाच्या नावावर आहे ते विसरू नकोस."

ती तशीच खाली गेली आणि हाज्जना सगळं खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तू त्याची कोणी नाहीस."

"नाही."

"मग परक्या पुरुषाच्या घरात राहतेस कशी? मुली, उद्या सामान उचल. इथे कुटुंबं राहतात."

"आणि तो? तोही एकटाच आहे."

"त्याच्याकडे करार आहे," हाज्ज म्हणाले. "आणि पुरुषाचं काय, तो आज एकटा आहे, उद्या लग्न करेल."

दुसऱ्या दिवशी तिने प्लंबर बोलावला. बंब उतरवला, पंखे काढले, जाळ्याही उचकटल्या. वाइल दारात उभा राहून बघत होता. "थंडीत मी अंघोळ कशाने करायची?" त्याने खरंच विचारलं.

सामान कारखान्यात प्लास्टरच्या पोत्यांमागे ठेवलं. ती स्वतः मैत्रिणीच्या घरी बैठकीच्या खोलीत झोपू लागली. मैत्रिणीचा नवरा भला होता. ती कधी जाणार, हे पहिल्या आठवड्यात त्याने विचारलं नाही.