सगळ्या गल्लीला पुरलेला टोप

झाकण जरा बाजूला सारा, म्हणजे आवाज घुमणार नाही. हां, आता ऐका. मी टोप. अ‍ॅल्युमिनियमचा, ऐसपैस पोटाचा, दोन्ही बाजूंना दोन कान असलेला. आता कान आहेत म्हटल्यावर ऐकणं आलंच, आणि बँकॉकजवळच्या महाचायच्या या गल्लीत राहायचं तर ऐकायला कधीच कमी पडत नाही.

माझा जन्म बँकॉकच्या एका कारखान्यातला. पत्र्याची चकती होती, ती दाबून दाबून तिला पोट आणलं. त्या जन्माचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही. फार दुखलं, एवढं आठवतं.

मला विकत घेतलं बुनसीमावशीनं. ती स्वतः दूर ईशान्येकडच्या कोरड्या गावातून पोट भरायला इथं आली होती. गल्लीच्या तोंडाशी तिनं हातगाडी लावली आणि माझ्यात डुकराच्या हाडांचा रस्सा उकळायला घेतला. तांदळाच्या शेवयांवर तो ओतायचा, वर लसूण भुरभुरायचा. समोरच कोळंबी सोलण्याचे कारखाने. तिथं राबणारी सीमेपलीकडची माणसं पाळी सुटली की थेट माझ्यापाशी येत. त्या रश्श्यावर मावशीनं मुलगी वाढवली आणि एका ओळीत भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्या खोल्यांच्या विटा माझ्या पोटातून निघाल्या आहेत, हे मी अभिमानानं सांगतो.

पुढे मावशीचे गुडघे गेले. मुलगी सुपात्रा जर्मन माणसाशी लग्न करून तिकडे गेली आणि दर महिन्याला आईला पैसे पाठवू लागली. हातगाडी विकली गेली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली, मोडक्या पंख्याच्या शेजारी. तिथं एका मांजरीनं माझ्यात दोनदा बाळंतपण उरकलं. सगळं फुकटात. पण त्याबद्दल गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही.

माणसाच्या बाळंतपणाची गोष्ट मात्र वेगळी असते.

तीन नंबरच्या खोलीत मि चान राहायची. मॉन नावाच्या जमातीतली, सीमेपलीकडची. ती कोळंबी सोलायची, नवरा बर्फाच्या कारखान्यात. थोरला मुलगा गावी तिच्या आईजवळ वाढत होता, त्यामुळे महिन्याचे पैसे तिकडे जायचे. आता दुसरी मुलगी झाली, ती इथंच.

आमच्या जिन्यापाशी सावलीत मोटरसायकल लावून थाविन बसतो. नारिंगी जाकीट घालून तो भाड्यानं माणसं पोचवतो, आणि गिऱ्हाईक नसलं की बातम्या पोचवतो.

"ताई, ऐकलंस का?" तो एक दिवस मावशीला म्हणाला. "तुझ्या तीन नंबरच्या बाईला बाळंतपणाचे पैसे मिळाले. सरकारकडून! वर दर महिन्याला बाळाचे वेगळे!"

"मग?"

"मग काय मग! कर आपण भरायचा, पोरं त्यांनी काढायची, आणि पैसा जाणार कुठे? तिच्या आईच्या घरावर पत्रे चढवायला!"

आता थाविननं आयुष्यात कर भरला असेल तर तो दारूच्या बाटलीवरचा. तो मात्र त्यानं मनापासून भरलाय. शिवाय गरिबांना मिळणारं सरकारी कार्ड त्याच्याही खिशात आहे, त्यावर तो साबण आणि तेल आणतो. पण ते त्याचं होतं ना. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मि चानच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जातात, हे मला ठाऊक होतं. नवरा-बायको जिन्याखाली उभी राहून हिशेब जुळवायची, तेव्हा मी ऐकलं होतं. पण टोपाला कोण विचारतो?

थाविननं ही टकळी रोज चालू ठेवली. त्याच्या भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याला खोली हवी होती, तेही हळूच कानावर घातलं. मावशी मनानं वाईट नाही, पण कानांची हलकी. शेवटी ती तीन नंबरच्या दाराशी गेली.

"मुली, महिनाअखेर खोली रिकामी कर."

"मावशी, भाडं थकलंय का?"

"भाड्याचं नाही गं. लोक बोलतात."

लोक बोलतात, यावर मि चान काय बोलणार? तान्ह्या बाळासकट दुसरी खोली मिळेना. रात्रपाळीची माणसं दिवसा झोपतात, त्यांच्या शेजारी रडकं पोर कुणाला चालत नाही. मग एकच वाट उरली. मुलं पोचवणारी एक बाई होती, ती गाडीनं सीमेपर्यंत न्यायची. बाळाला तिच्या हाती द्यायचं आणि गावी आजीकडे धाडायचं. थोरला असाच गेला होता, तोही अंगावर पीत असताना. तेव्हापासून त्यानं आईला पाहिलंय ते फोनच्या काचेत. हे ठरलं त्या संध्याकाळी मि चान पायरीवर बसून बाळाचे तळवे चोळत होती, आणि सांगायला लाज कसली, मला फार वाईट वाटलं.

जाण्याआधी बाळाचं डोकं धुवायचा विधी राहिला होता. तेव्हा ती मावशीकडे आली.

"मावशी, जिन्याखालचा टोप एक दिवस देता का? बाळाचं डोकं धुवायचंय."

"टोपात?" मावशी किंचाळली.

"नाही हो! त्या दिवशी आमच्यात सगळ्यांना जेवायला घालतात. येईल त्याला."

किती वर्षांनी मला विस्तव दिसला! रविवारची सुट्टी होती. मासा शिजला, त्यात गवती चहा, हळद आणि केळीच्या खोडाचे काप पडले, शेवयांवर ओतायचा रस्सा तयार झाला, आणि मी गल्लीच्या तोंडाशी, माझ्या जुन्या जागी, थाटात बसलो. हाडांच्या रश्श्यावर वाढलेलं माझं पोट माशाला आधी जरा बिचकलं. मग म्हटलं, उकळतंय तर छानच.

थाविननं लांबूनच पाहिलं आणि मावशीला हाका मारत सुटला. "ताई, खाली ये! बघ तुझ्या भाडेकरणीनं दुकान टाकलं! परदेशी माणसाला खाण्याची गाडी लावायला बंदी आहे, कायदाच आहे तसा. सरकारचा पैसा घ्यायचा आणि सरकारचाच कायदा मोडायचा!"

मावशी गुडघे धरत खाली आली. थाविन रांगेला बाजूला सारत पुढे घुसला.

"ए बाई, परवाना कुठाय?"

मि चाननं त्याच्या हातात वाडगा ठेवला. "काका, तिखट वरून घ्या."

त्यानं पुरावा तपासावा म्हणून एक घास घेतला. मग पुरावा नीट तपासावा म्हणून वाडगा संपवला. पुरावा कमी पडू नये म्हणून दुसराही घेतला. मग तोंड पुसून, आता पकडतोच अशा थाटात तो म्हणाला, "बोल, किती पैसे झाले?"

"पैसे नाहीत, काका. बाळाच्या नावानं वाढलंय. तिला चांगलं म्हणा, झालं."

आता आली पंचाईत! पुण्य मिळावं म्हणून वाढलेलं अन्न खाल्लं की आशीर्वाद द्यावाच लागतो, त्यात आमच्याकडे कुणाला सूट नाही. आणि थाविननं तर दोन वाडगे खाल्ले होते. तो बाळाकडे वाकला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "मोठी हो. सुखी राहा." सगळी गल्ली हसली.

इतक्यात मावशीचा फोन वाजला. सुपात्रा. तिकडे नुकतं उजाडलं होतं. मावशीला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचा फोन सगळी गल्ली ऐकते.

"आई, काय खातेस?"

"आपल्या टोपातलं! हा बघ! तुझा चेहरा का उतरलाय?"

"काही नाही गं. वरच्या मजल्यावरची म्हातारी काल जिन्यात भेटली. म्हणाली, तुम्ही बाया लांबून येता, पोरं काढता, आमच्या सरकारकडून पोरांचे पैसे घेता आणि आईला पाठवता."

मावशी कडाडली. "जीभ झडो तिची! म्हणावं, माझी मुलगी हॉटेलात चादरी बदलते! पगार हातात यायच्या आधी त्यातून कापून घेतात! घेतलं ते हक्काचं घेतलं! आणि आईला पाठवलं तर कुणाच्या घरी दरोडा घातला? आईला नाही पाठवायचं तर कुणाला, त्या म्हातारीला?"

कुणाच्या तोंडातून शेवया लोंबत राहिल्या. मि चानला आमची भाषा उत्तम कळते. ती मान खाली घालून वाढत राहिली, आणि तिचा डाव माझ्या काठाला लागल्याचा आवाज तेवढा येत होता. मावशी तिच्याकडे बघत राहिली.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मावशी हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

थाविन खाकरला. "ताई, तिकडची गोष्ट वेगळी."

"काय वेगळं?"

थाविननं बराच विचार केला. "तिकडे थंडी असते."

मावशीनं त्याच्याकडे पाठ फिरवली. मि चानला विचारलं, "तुझ्याही पगारातून कापतात का गं?"

"दर महिन्याला, मावशी."

मावशीनं वाडगा पुन्हा पुढे केला.

जेवणं आटोपल्यावर मि चाननं मला घासून लख्ख केलं आणि जिन्याखाली ठेवायला निघाली. मावशी तिथंच उभी होती.

"तिथं नको. मांजर बसते. तुझ्या खोलीत ने."

"पण मावशी, महिनाअखेर मी..."

"महिनाअखेर काय? इतका जड टोप मी या गुडघ्यांनी हलवू? आणि टोप तुझ्याकडे ठेवून तू कुठे चाललीस? त्याच्याकडे बघायला कुणी नको?"

मि चान तिथंच बसली. माझे दोन्ही कान घट्ट धरून ती रडली. माझं पोट वाळलं होतं, ते पुन्हा ओलं झालं. असं ओलं झालेलं मला कधीही चालेल.

थाविनच्या भाच्यानं सासूकडे बिऱ्हाड केलं. थाविन सुधारला म्हणाल, तर छे! पलीकडच्या गल्लीतली माणसं सरकारला लुटतात, हे तो अजून रोज सांगतो. 'आपली मि चान' तेवढी वेगळी म्हणतो. बाळाचं मॉन नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा टोपणनावही त्यानंच ठेवलं: कुंग, म्हणजे कोळंबी.

हल्ली कोळंबी माझ्यातच आंघोळ करते. पाय आपटते, अर्धं पाणी बाहेर. मि चान समोर फोन धरते, आणि काचेतून थोरला बहिणीकडे टक लावून बघतो. काल त्यानं विचारलं, "मी कधी येऊ?" मि चाननं फोन जरा बाजूला धरला आणि डोळे पुसले.

म्हणून तुम्हा सगळ्यांकडे एकच मागणं. त्या पोरालाही एकदा येऊ द्या. मी मोठा टोप आहे, दोघं सहज मावतील.