आधी कागदाची किसम बघ

दहावीत गेल्यापासून नौशीनला एक खोड लागली होती: मोठ्या माणसांना "दाखवा" म्हणायची. आज ती खोड तिच्यावरच उलटली.

"टँकर मंजूर आहे म्हणतीस ना? मग ठराव दाखव," वॉर्ड ऑफिसातले रामप्रसादबाबू बशीतला चहा फुंकत म्हणाले. "तुमच्या वस्तीचं नाव यादीतच नाय."

पाऊस हुकल्याचं हे दुसरं वर्ष. शहर खुलताबादच्या रस्त्यानं वाढत सुटलं होतं, नळ मात्र मागंच राहिला होता. त्यात पंधरा दिवसांपासून टँकरही बंद. शेजारच्या गोजरबाई भांडी विसळल्याचं पाणी शेळ्यांना पाजत होत्या.

"ऱ्हाऊ दे गं," ऑफिसाबाहेर आल्यावर सोबत आलेल्या गोजरबाई म्हणाल्या. "सायबाच्या नादी कशाला लागतीस?"

"लागणार, मावशी! लई लागणार!"

ती तडक औरंगपुऱ्यात अब्बांच्या रद्दीच्या दुकानात गेली आणि मोबाइल घेऊन बसली. टँकर, पाणी, वस्तीचं नाव. बदाबदा निघालं: बातम्या, भाषणं, 'मुबलक पाणी' असलेल्या प्लॉटच्या जाहिराती.

"अब्बा, ढीगभर निघतंय, कामाचं एक नाय."

अब्बा, म्हणजे मुख्तारभाई, गोणी उपसत होते. एक ओळ न वाचता वह्या इकडं, लग्नपत्रिका तिकडं, पेपर मागं.

"तू मजकूर शोधतीस, बेटा. आधी कागदाची किसम बघ. पेपरच्या गठ्ठ्यात खरेदीखत घावंल का? ठराव कुठल्या कागदात ऱ्हातो?"

नौशीन ताडकन उठली. शाळेतल्या पालकसभेचं इतिवृत्त तिनंच तर लिहिलं होतं! वर 'उपस्थित सदस्य', मग 'विषय क्रमांक', शेवटी 'सर्वानुमते'. बातमीत हे शब्द कशाला येतील? तिनं 'पाणी' खोडलं, हे तीन शब्द आणि वस्तीचं नाव टाकलं, फक्त पीडीएफ मागितल्या.

भाषणं गेली. जाहिराती गेल्या. उरल्या चार फायली. तिसरीत, अकराव्या पानावर होतं: नळ येईपर्यंत वस्तीला दिवसाआड टँकर, सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रिंट रामप्रसादबाबूंच्या टेबलावर ठेवली.

"कुठून आणलंस हे?"

"तुमच्याच वेबसाइटवरून. टाकलं तुम्ही, वाचलं मी."

"बरं, ठेवून जा. बघतो."

गोजरबाईंनी मागून तिची ओढणी ओढली. नौशीन हलली नाही.

"दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारा. तारीख टाका. पोच बी कागदच असतो, साहेब, अन् आता मला सगळे ओळखू येतात."

"शाळा नाय का तुला?"

"आहे ना. उशीर तुम्ही करताय."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. शिक्का धाडकन आपटला.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. गोजरबाईंनी पहिली बादली शेळ्यांपुढं ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "अन् परवा नाय आला तर?"

नौशीननं दप्तरावर थाप मारली. आत पोच होती.

"मग परत जाऊ ऑफिसात," गोजरबाई म्हणाल्या. "पर या खेपंला मी बोलणार."